वरच्या मजल्याचा खटका

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आलो एकदाचा. मारतहळ्ळीच्या पीजीला कायमचा रामराम ठोकला. चार वर्षं ज्या खोलीत खिडकी उघडली की समोरच्याचा ओला टॉवेल नाकाला लागायचा, तिथून उठून आज मी के. आर. पुरमच्याही पुढे, निलगिरीच्या झाडांच्या रांगेला लागून असलेल्या दुमजली घरात लिहीत बसलोय. खिडकीबाहेर चक्क आकाश आहे. नवी वही, नवं घर आणि शेहेचाळिसाव्या वर्षी नवं काम. सुचेताला फोन केला, तर बायको सांगलीहून म्हणाली की तिथे तरी बढाया मारू नका. तिचा माझ्यावर असा दांडगा विश्वास.

घर हयवदनरावांचं. वय शहात्तर, सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांचे पूर्वज मराठी फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले, असं ते स्वतःच सांगतात. घरात मराठी बोलतात, पण त्यात कानडी इतकं मिसळलेलं की अर्धं वाक्य झाल्यावर मला वाटतं आपण चुकीच्या बसमध्ये बसलोय. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणायला लागलो. वरच्या मजल्यावर त्यांची थोरली बहीण गोदूबाई, म्हणजे अक्का. वय त्र्याऐंशी, फुप्फुसं थकलेली. नाकात नळी आणि पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन, दिवसरात्र चालू. त्याच्या बाटलीतलं पाणी सारखं बुडबुड करत असतं. जीभ मात्र अजिबात थकलेली नाही. तिसरी सिद्दम्मा. पंचवीस वर्षं या घरात स्वयंपाक करते आणि अक्कांचं सगळं बघते. मराठी बोलते, पण तिच्या मराठीत सगळेच पुरुष. अक्का जेवला, अक्का झोपला.

मी इथे का, तर या घराला सरकारी वीज नाही. जागेचे कागद अडकले म्हणून लाईन मिळाली नाही, आणि अण्णांनी चिडून गच्चीवर सोलर पॅनेल बसवली, मागे बॅटऱ्या मांडल्या. आताच्या बॅटऱ्यांना बारा वर्षं झाली, आता त्या बदलायच्या. यशवंतपूरला ज्या बॅटरीच्या दुकानात मी होतो तिथे अण्णा चौकशीला आले होते. मी त्यांना अशी काही उत्तरं दिली की ते खूश झाले. दुकान बंद होणार हे कळल्यावर म्हणाले, खाली एक खोली रिकामी आहे, या, सोलर सांभाळा आणि नव्या बॅटऱ्या तुम्हीच निवडा. खरं सांगायचं तर मी बॅटऱ्या विकल्यात, मोजलेल्या नाहीत. पण ते या वहीतच राहू दे.

दुपारी वर, अक्कांच्या खोलीत सगळे जेवायला बसलो. अण्णांनी पुण्याच्या कुणा पाहुण्याची आणि कुठल्याशा कानडी शब्दाची लांबलचक गंमत सांगितली. निम्मी माझ्या डोक्यावरून गेली. ते हसले तेव्हा मीही हसलो. मग अक्कांनी मला कानडीत काहीतरी विचारलं. मला त्यात ‘बेकु’, म्हणजे ‘हवं’, एवढंच ऐकू आलं. मी म्हणालो, सरी, सरी. चार वर्षांत माझं सगळं कानडी या एका शब्दावर चाललंय. रिक्षावाला, भाजीवाली, घरमालक, कुणीही काहीही बोललं की सरी. ठीक आहे, बरं, चालेल. सिद्दम्मा पदर तोंडाला लावून हसत सुटली. अक्कांनी विचारलं होतं की जेवणात मांजराची भाजी चालेल का. ‘बेकु’ नव्हे, ‘बेक्कु’. बेक्कु म्हणजे मांजर. मी कबूल होतो.

तेव्हापासून मी या घरात सरी-मास्तर.

५ फेब्रुवारी, बुधवार

बॅटरीची खोली घराच्या मागे, वेगळी. लाकडी घडवंचीवर चोवीस सेल, प्रत्येक गुडघ्याएवढा उंच, दोन-दोन व्होल्टचा. झाकणावर पाण्याची पातळी दाखवणारे लाल तरंगे. काही जोडांवर हिरवट-पांढरा क्षार धरलाय. आम्लाचा वास बाहेर काढायला भिंतीत एक पंखा आहे, थेट बॅटरीवर चालणारा. तो लावला की आगगाडी आल्यासारखा आवाज होतो आणि बाहेरचं काही ऐकू येत नाही.

भिंतीवर दोन मोठे खटके. डावा खालच्या मजल्याचा, उजवा वरच्या. दोन्हींखाली अण्णांनी चिठ्ठ्या चिकटवल्यात, पण कानडीत. नोंदवहीही मला वाचता येत नाही. भाषा मराठी, लिपी कानडी, इकडची जुनी घरं अशीच लिहितात म्हणे. मला फक्त आकडे कळतात. अण्णांनी विचारलं, वाचता येईल ना. मी म्हणालो, सरी.

त्यांनी एकच नियम दोनदा सांगितला. उजवा खटका वर सांगितल्याशिवाय पाडायचा नाही. पाडायचाच असेल तर आधी सिद्दम्मा पलंगाजवळचा ऑक्सिजनचा सिलिंडर उघडून नळी त्याला लावते, आणि मगच खटका. एवढं मला नीट समजलं. हे मुद्दाम लिहून ठेवतोय.

९ फेब्रुवारी, रविवार

आज बॅटऱ्यांची बैठक. अण्णांचं म्हणणं, चोवीसातले सहा सेल कमजोर आहेत, तेवढेच नवे टाकू. मी ठामपणे नाही म्हणालो. जुन्यांच्या ओळीत नवा सेल टाकला तर नवाच जुन्यांच्या चालीने चालायला लागतो आणि लवकर म्हातारा होतो. हे दुकानात शेकडो वेळा बोललोय, आणि सुदैवाने ते खरंही आहे. मग दोनच वाटा. एक, पुन्हा तशाच ट्युब्युलर बॅटऱ्या. दर महिन्याला डिस्टिल वॉटर घाला, जोड पुसा, पण स्वभावाने सोशिक, आणि अण्णांचा जुना चार्जर त्यांनाच सरावलेला. दुसरी, लिथियम. पाणी नाही, वास नाही, निम्म्याहून जास्त वापरली तरी कुरकुर नाही, पण चार्जरही बदलावा लागणार.

अण्णा म्हणाले, तशाच घेऊन टाकू, स्वल्प लवकर. स्वल्प म्हणजे थोडं, त्यांच्या दर दुसऱ्या वाक्यात असतं. इथे मी थांबायला हवं होतं. पण मला हुशारी दाखवायची होती. म्हणालो, घाई नको, आधी जुन्यांची खरी ताकद मोजू. घराच्या दोन्ही लाईन बंद करून बॅटरीवर ठरलेला भार टाकायचा आणि ती किती वेळ टिकते ते बघायचं. त्यावरून नव्यांचा आकार ठरेल. अण्णांच्या डोळ्यांत कौतुक दिसलं. ही चाचणी मी मोबाईलवर एका व्हिडिओत पाहिलीय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

अक्कांच्या खोलीतलं बटण दुरुस्त करायला वर गेलो होतो. सिद्दम्मा खाली गेल्यावर अक्कांनी मला जवळ बसवलं. म्हणाल्या, अरे सरी-मास्तर, तुला कानडी येत नाही हे मला पहिल्या दिवशीच कळलं, आणि बॅटऱ्यांचंही स्वल्पच येतं हेही कळलंय. हयवदनाला सांगत नाही. पण समजलं नाही की विचारायचं. विचारलं म्हणून कुणी मान कापत नाही रे. मी लाजेने लालबुंद झालो. त्यांनी माझ्या हातावर खडीसाखर ठेवली आणि मशीनच्या बुडबुडीत पुन्हा डोळे मिटले. फार बरं वाटलं, आणि फार लाजही वाटली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अक्कांना धाप लागली, सकाळी इस्पितळात हलवलं. अण्णा आणि सिद्दम्मा तिथेच. घरात मी एकटा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी पावणेबारा

बॅटरीच्या खोलीत बसून लिहितोय. चाचणी चालू आहे.

अक्का गेल्या. अकराला सिद्दम्माचा फोन आला. मी इथे पंखा लावून जोड साफ करत होतो, आणि ती कुठेतरी रस्त्यावर, मागे बसचे हॉर्न. दोन शब्द तेवढे स्पष्ट ऐकू आले, अक्का मेले. पुढे ती कानडीत बराच वेळ बोलत होती. मी नुसतं सरी, सरी म्हणत राहिलो. अशा वेळी माणूस दुसरं काय म्हणणार. मेले! पंचवीस वर्षं मराठी घरात राहून तिला ‘गेल्या’ म्हणता येत नाही. अक्कांनीच हसून तिला दुरुस्त केलं असतं. मी थोडा वेळ तिथेच स्टुलावर बसून रडलो. खडीसाखर आठवली.

मग वाटलं, इस्पितळात जावं. पण ते आता इकडेच आणतील, मी निघालो तर चुकामूक व्हायची. आणि खरं कारणही लिहितो. आता तेरा दिवस घर पाहुण्यांनी भरेल, मग चाचणी होणार नाही आणि मी नुसता बोलघेवडा ठरेन. वर आता कुणीही नाही. म्हणून अकरा वीसला दोन्ही खटके पाडले आणि बॅटरीवर दोन हीटरचा भार टाकला.

पंखा मध्ये बंद केला तेव्हा वर काहीतरी टूं टूं करताना ऐकू आलं. अक्कांच्या खोलीतलं एखादं जुनं यंत्र वीज गेली म्हणून ओरडत असेल. थकेल आणि गप्प बसेल. पंखा पुन्हा लावला.

बारा. टूं टूं थांबलं.

साडेबारा. सात सेलनी मान टाकली. चाचणी संपली, दोन्ही खटके वर केले. ताकद निम्म्याहूनही कमी उरलीय. म्हणजे माझा अंदाज बरोबर होता.

त्याच दिवशी, संध्याकाळ

अक्का वर होत्या.

पाऊण वाजता सिद्दम्माची किंकाळी ऐकू आली. मला वाटलं, देह आणला. धावत जिन्याने वर गेलो. अक्का पलंगावर, नाकात नळी, मशीन चालू, बाटलीत बुडबुड. हात धरला तर अजून ऊन होता, पण श्वास नव्हता. मनात आलं, गेलेल्या माणसाला नळी का लावलीय यांनी. खरंच हेच मनात आलं. मग समजलं.

सिद्दम्मा रडत सांगत होती. साडेदहाला रुग्णवाहिकेने दोघी घरी आल्या. अण्णा इस्पितळात कागदांवर सह्या करायला थांबलेले. अक्कांना निजवलं, मशीन लावलं. माझी खोली बंद दिसली. औषध आणायला ती नाक्यावर गेली आणि तिथून मला फोन केला. नाक्यावर औषध मिळालं नाही, म्हणून के. आर. पुरमला गेली, पुलावर गाड्या अडकल्या.

सिद्दम्मा दारात बसून राहिली होती. अक्कांचा उजवा हात पलंगाबाहेर होता. सिलिंडरच्या दिशेने, चावीपासून चार बोटं दूर. अण्णा यायच्या आत मी तो उचलून त्यांच्या छातीवर ठेवला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अक्कांच्या खोलीत भिंतीवर विजेवर चालणारं जुनं घड्याळ आहे. आज अण्णा त्याच्यासमोर उभे राहिले, मग हातातलं घड्याळ बघितलं. सत्तर मिनिटं मागे. इंजिनिअर माणूस, त्यांना कुणी काही सांगावं लागलं नाही. मला विचारलं, परवा वरची लाईन सत्तर मिनिटं गेली होती का.

मी म्हणालो, हो, जुन्या बॅटऱ्या बसल्या असणार. मी खोलीत होतो, उशिरा लक्षात आलं, मग चालू केली.

अण्णा खाली बसले. म्हणाले, दोन वर्षं मी उद्या-उद्या करत राहिलो, मीच मारलं अक्काला. आणि मग, लाईन चालू केलीस म्हणून त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. माझ्यापुढे. मी ते जोडलेले हात पाहिले. जमीन दुभंगावी असं म्हणतात ते आज कळलं.

सिद्दम्मा माझ्याकडे बघून म्हणाली, मी फोनवर सांगितला होता ना. मी म्हणालो, आवाज येत नव्हता. चाचणीचा कागद फाडून चुलीत घातला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सिद्दम्मा फोनवर काय म्हणाली होती? जिवंत माणसाला घरी आणून ती ‘मेले’ कशाला म्हणेल? दोन दिवस हेच डोक्यात.

आज बॅटरीच्या खोलीत गेलो आणि उजव्या खटक्याखालच्या चिठ्ठीवर मोबाईल धरला. मोबाईल कानडी वाचून दाखवतो. चार वर्षं खिशात असून कधी विचारलं नव्हतं. बाईच्या आवाजात तो म्हणाला, मेले. आणि खाली मराठीत अक्षरं उमटली: वर.

मेले म्हणजे वर. अक्का मेले. अक्का वर आहेत. बाकीचं जे मी सरी सरी म्हणत ऐकलं, ते काय असणार? अक्का वर एकट्या आहेत, लक्ष ठेवा, लाईन बंद करू नका.

आता कळलं, अण्णांची पहिल्या दिवसाची पुण्याच्या पाहुण्याची गंमत याच शब्दाची होती. मी हसलो होतो.

१ मार्च, शनिवार

मशीन परत गेलं. भाड्याचं होतं, त्यांची माणसं येऊन घेऊन गेली. वरची खोली आता बंद असते. अण्णा तेवढे रोज सकाळी दिवा लावायला जातात. वर घड्याळाखेरीज काही चालू नाही. खटक्याशेजारच्या मीटरवर त्या लाईनचा काटा शून्यावर.

आज अकरा वीसला तो काटा आठवर गेला. आठ अँपिअर. मशीन चालू असायचं तेव्हा तो बरोबर आठवर असायचा. मी वर जाऊन पाहिलं. काही नाही. खाली येऊन उजवा खटका पाडला. काटा आठवरच.

साडेबाराला शून्य.

४ मार्च, मंगळवार

रोज. अकरा वीस ते साडेबारा.

अण्णा म्हणतात, घड्याळ रोज सत्तर मिनिटं मागे पडतंय. रोज लावतात, रोज पडतं. त्यांना वाटतं, जुन्या बॅटऱ्या अजून दगा देताहेत. लवकर निवड, म्हणाले. आता त्यांच्या बोलण्यात स्वल्प नाही, कौतुकही नाही. जेवणही टाकलंय.

आज आभाळ भरलेलं, चार्जिंग जवळजवळ बंद. बॅटरीत बुडबुडे येतात ते चार्जिंग संपत आलं की. तरी पहिला सेल बुडबुडायला लागला. मग तो थांबला, दुसरा. मग तिसरा. ओळीने, माझ्याकडे. चोविसावा माझ्या गुडघ्याशी. तो थांबला तेव्हा कुणीतरी नळीतून जोराने हवा ओढल्यासारखा आवाज आला.

मी पळालो. भर दुपारी.

१० मार्च, सोमवार

बॅटऱ्या निवडल्या. लिथियम.

ट्युब्युलरच घ्यायला हव्या होत्या. चार्जर जुना आहे, अण्णांचा त्यांवर हात बसलाय, उद्या मी नसलो तरी ते सांभाळतील. सगळी कारणं त्या बाजूची. मी अण्णांना लिथियमची दहा कारणं दिली. अकरावं सांगितलं नाही. लिथियममध्ये पाणी नसतं. बुडबुडायला काही नसतं.

अण्णा म्हणाले, सरी. तुला समजतं ना, मग सरी.

सुचेताचा फोन आला होता. सगळं छान म्हणालो.

१७ मार्च, सोमवार

बसवल्या. जुने सेल भंगारवाला घेऊन गेला. आता भिंतीशी एक पांढरं लोखंडी कपाट, त्यात सोळा सेल, सगळे बंद. खटके नवे. कुठली लाईन कधी बंद, कधी चालू, कुणी केली, सगळं मोबाईलवर दिसतं. खोलीत वास नाही, आवाज नाही. मी दोन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर न्याहारी केली.

अकरा वीस. मोबाईल वाजला. वरची लाईन, आठ अँपिअर.

कपाटाला कान लावला. आत पाणी नाही. आत पाण्याचा थेंब नाही. आणि आत —

बुडबुड.

२० मार्च, गुरुवार

मोबाईलवरची यादी आज उघडून पाहिली. वरची लाईन, अकरा वीस, हाताने बंद. साडेबारा, हाताने चालू. रोज. काल त्या वेळी मी के. आर. पुरमला होतो, अण्णा देवळात, सिद्दम्मा त्यांच्याबरोबर. हाताने. कुणाच्या?

यादी खाली सरकवत गेलो. बॅटऱ्या सोमवारी बसल्या. यादी सोमवारी संपत नाही. मागे, मागे — पहिली ओळ १८ फेब्रुवारीची आहे.

हाताने बंद.

२२ मार्च, शनिवार

सांगायचं ठरवून वर गेलो. अण्णा अक्कांच्या पलंगाशेजारी बसले होते, घड्याळ मांडीवर. मी तोंड उघडणार तोच म्हणाले, अक्का तुझ्याबद्दल बोलायची. पोरगा चांगला आहे, पण विचारत नाही, म्हणायची.

खाली आलो. न सांगता. मला माझीच किळस येते.

२४ मार्च, सोमवार

अण्णांची छाती भरली. महिनाभर पोटात अन्न नाही. डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजन लावा, घरीच. मशीन आलं — तेच. बाजूला सिद्दम्माने लावलेलं कुंकवाचं बोट अजून आहे त्यावर. अण्णा खाली यायला तयार नाहीत. अक्कांच्याच पलंगावर. नळी. बुडबुड.

उजव्या खटक्याला चिकटपट्टीचे सहा वेढे मारले.

अकरा वीस. पट्टी जमिनीवर, नीट घडी केलेली. खटका खाली. मी चालू केला. अर्धं मिनिट, जास्त नाही. वर गेलो. अण्णा म्हणाले, स्वल्प दम लागला होता.

२५ मार्च, मंगळवार

आज खटक्यावर हात दाबून उभा राहिलो. सत्तर मिनिटं. खाली ओढत होतं — दोन बोटांनी ओढावं तसं — थंड — पण मी सोडला नाही.

सिद्दम्माला सांगून टाकू? सांगायचं काय? बाई, तू मराठी बोलतेस असं वाटलं मला. तू तुझ्या भाषेत बोलत होतीस. आणि मी हो म्हणालो.

२६ मार्च, बुधवार

आजही धरून ठेवला. हात बधिर झालाय.

उद्या सांगणार. अण्णांना. सगळं. खटका मी पाडला. बॅटऱ्या नव्हत्या बसल्या, तुम्ही नाही मारलंत. मी. हात मी उचलून ठेवला. हे वाक्य लिहून ठेवतो, म्हणजे उद्या वाचून तरी दाखवता येईल.

२७ मार्च, गुरुवार

अकराला दहा कमी. सकाळीच अण्णांना जास्त झालं. सिद्दम्मा त्यांना रुग्णवाहिकेने घेऊन गेली. तपासून बरं वाटलं तर परत आणणार, म्हणाली. कधी, ते मी विचारलं नाही. सिलिंडर बरोबर नेला. इथे आता नाही.

परत आले की सांगणार. वही इथेच आहे, ते वाक्य इथेच आहे.

अकरा. बॅटरीच्या खोलीत. डावा हात खटक्यावर, उजव्याने लिहितोय. मोबाईल मांडीवर. पंखा कुणी लावला? मी नाही लावला. बाहेरचं काही ऐकू येत नाही. गाडी आली तरी —

अकरा अठरा. आठ अँपिअर. आज लवकर. ते रोजचे आठ, की खरे आठ? वर कुणी आहे का? हात काढून बघायला गेलो तर खटका पडतो. ओढतंय.

फोन. सिद्दम्मा. मागे बसचे हॉर्न.

अण्णा मेले.

दोनच शब्द ऐकू आले. पुढे ती कानडीत —

कुठल्या भाषेत? बाई, कुठल्या भाषेत? वर, की —

टूं टूं. वरून, पंख्याच्या आवाजातही. खटका खाली. त्याच्यावर माझाच हात आहे. मी नाही — हात माझाच —

विचार. एक शब्द. विचारलं म्हणून कुणी मान —

ती थांबलीय. म्हणतेय, समजला ना?

विचार रे. विचार.

मी म्हणतोय, स